हवा कुठे अडली?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी आज बोलणाऱ्या प्रत्येकाला एक अट घातली आहे. नोकरी, हुद्दा, पगार यांवर बोलायचं नाही. नोकरीबाहेर स्वतःच्या हातांनी जे काही करता, त्यावर पंधरा मिनिटं बोला. मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतो. सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या घरांतले कपडे वाळवायचे ड्रायर दुरुस्त करून देतो. पैसे घेत नाही, जेवण घेतो. तेव्हा आज ड्रायरबद्दल बोलतो.

"इथे ऊन फुकट मिळतंय, आम्हाला कशाला ड्रायरचं पुराण?" असं मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणणारच. मागचे बाक अजून बदललेले दिसत नाहीत. पण आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बघा. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं तिकडे आहेत. तुम्ही बाळंतपणाला जाता, नातवंडं सांभाळायला जाता, सहा-सहा महिने राहता. मुलगा-सून कामावर गेले की घरात ते यंत्र चालवणारे तुम्हीच असता. म्हणून हे भाषण तुमच्यासाठी आहे.

तिकडे ड्रायर ही चैन नाही. बर्फाच्या दिवसांत दोरीवर घातलेला टॉवेल पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. शिवाय पुष्कळ वसाहतींत बाहेर कपडे वाळत घालायला मनाई असते. काही राज्यांनी तर कपडे वाळत घालण्याचा हक्क राखण्यासाठी कायदे केले आहेत! नॉर्थ डकोटातल्या जे. रॉस मूर नावाच्या गृहस्थांनी अशाच थंडीला कंटाळून हे यंत्र बनवायला घेतलं आणि १९३८ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका कंपनीने ते 'जून डे' या नावाने बाजारात आणलं. जून महिन्यातला दिवस, म्हणजे त्यांच्याकडचं छान ऊन. नावातच सगळं आलं.

आता यंत्र आतून कसं असतं? तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फारच साधं. एक मोठा पोकळ पिंप, त्याभोवती एक लांब पट्टा, पट्टा फिरवणारी मोटर, पट्टा ताणून धरणारी एक छोटी कप्पी. हवा तापवायला कॉइल, जशी आपल्या जुन्या शेगडीत असायची. आणि हवा ओढून बाहेर फेकणारा पंखा. तापलेली कोरडी हवा कपड्यांतून जाते, त्यांतलं पाणी उचलते आणि चार इंची नळीतून भिंतीबाहेर निघून जाते. वाटेत एक जाळी असते. कपड्यांतून सुटलेले तंतू, त्याला तिकडे लिंट म्हणतात, ते त्या जाळीत अडकतात.

इथे समोर आमच्या विज्ञानाच्या बाई बसल्या आहेत. बाई, तुम्ही फळ्यावर लिहून दिलं होतं: एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात. बाष्पनाचा अप्रकट उष्मा. आम्ही तो घोकला आणि परीक्षेत लिहिला. तोच आकडा तिकडे बेसमेंटमध्ये, गुडघ्यावर बसलेला असताना मला उपयोगी पडतो. पिळून काढलेल्या एका घाण्याच्या कपड्यांत अडीच-तीन लिटर पाणी सहज उरतं. तेवढ्याची वाफ करायची म्हणून त्या यंत्राला पाच हजार वॉटच्या वर ताकदीची कॉइल लागते. पण बाईंनी आणखी एक गोष्ट शिकवली होती: दमट हवेत कपडे वाळत नाहीत. नुसती उष्णता देऊन भागत नाही, ती ओली हवा तिथून हलली पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्यात खोलीभर दोऱ्या बांधून, पंखा लावून आपण हेच करतो. ड्रायर बिघडला की लोकांना आधी उष्णता आठवते. मी आधी हवा बघतो.

एक उदाहरण सांगतो. आमच्या महाराष्ट्र मंडळातलं एक तरुण जोडपं. पहिलं बाळ झालेलं, मुलाच्या आई सांगलीहून आलेल्या. जानेवारीचे दिवस. ड्रायर फिरायचा पण तापायचा नाही. दुरुस्तीवाला आला, आतला एक छोटा फ्यूज बदलून, भरपूर पैसे घेऊन गेला. बारा दिवसांनी पुन्हा तेच. मुलाने तसाच फ्यूज स्वतः मागवला आणि मला फोन केला, "काका, फक्त बसवून द्या."

मी यंत्र पुढे ओढत होतो, तेवढ्यात त्या बाई जिन्यावर येऊन म्हणाल्या, "भाऊ, मला यातलं काही कळत नाही, पण एक सांगू का? मी दिवाळीत आले तेव्हा ओट्यापाशी उभी राहिले की खिडकीखालून पांढरी वाफ वर यायची. पार काच ओली व्हायची. आता महिनाभर ती वाफ दिसत नाही. आणि बाळाची दुपटी एका फेरीत वाळायची, त्यांना आता दोन फेऱ्या लागतात."

मी हातातलं सामान खाली ठेवलं. "वहिनी, चला, बाहेर जाऊन बघू," म्हटलं. कोट-बूट चढवून आम्ही घरामागे गेलो. भिंतीवर जिथे नळी बाहेर येते तिथे एक झडप असते, हवेच्या जोराने उघडणारी. ती ओल्या लिंटने चिकटून बसली होती. मागचं वळण तर उशीत कापूस भरावा तसं ठासून भरलं होतं. अर्धी बादली लिंट निघाला. नंतर यंत्राची मागची बाजू उघडली, तर कॉइलच्या डब्याजवळ पडलेले तंतू करपून तपकिरी झाले होते. त्या खोलीच्या बरोबर वर बाळाची खोली होती. तो मुलगा काही बोलला नाही. त्याने फक्त वर छताकडे पाहिलं.

त्या यंत्रातला फ्यूज खराब नव्हता. तो त्याचं काम करत होता. पंख्याच्या डब्यावर बसवलेला तो पेरभर तुकडा अनेक मॉडेलांत सुमारे ९१ अंश सेल्सियसला कायमचा तुटतो. काही यंत्रांत त्यामुळे मोटरच थांबते, काहींत फक्त उष्णता बंद होते. हवा अडली, आतली उष्णता साठत गेली, फ्यूजने वीज तोडली. दुरुस्तीवाल्याने फ्यूज बदलला, पण हवा कुठे अडली हे विचारलंच नाही. ते विचारलं सांगलीच्या वहिनींनी. त्यांना ड्रायरची माहिती नव्हती, पण त्या रोज बघत होत्या आणि काय बदललं ते त्यांच्या लक्षात होतं. दुरुस्तीतलं निम्मं काम हेच असतं.

आपल्या लहानपणी घरोघरी चिनीमातीचे किटकॅट फ्यूज असायचे, आठवतं? सारखा उडतो म्हणून कुणीतरी हुशार माणूस त्यात जाड तार घालायचा. मग फ्यूज उडत नसे, वायरिंग जळत असे. ड्रायरच्या फ्यूजच्या दोन वायरी एकमेकींना जोडून काम भागवणारे लोकही मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका, कुणाला करू देऊ नका. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा घरांतल्या ड्रायरच्या आगी दरवर्षी सुमारे २,९०० निघाल्या. त्यांत वर्षाला ५ मृत्यू आणि १०० जखमी. सगळ्यांत मोठं कारण, ३४ टक्के आगींमागचं: सफाई न करणं.

आता ज्यांना स्वतः हात घालायचा आहे त्यांच्यासाठी माझा क्रम सांगतो.

यंत्र फिरतं पण तापत नसेल, तर काहीही उघडण्याआधी बटण बघा. थंड हवेची एक सेटिंग असते, चुकून ती लागलेली असते. मग ब्रेकर बघा. तिकडच्या विजेच्या ड्रायरला २४० व्होल्ट लागतात, ते दोन वायरींतून येतात आणि त्यांचा ब्रेकर जोडीचा असतो. मोटरला मात्र १२० व्होल्ट पुरतात. त्यामुळे जोडीतली एक बाजू गेली तर पिंप मजेत फिरतो आणि कॉइल थंड राहते. ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला की कधीकधी काम तिथेच संपतं. तो पुन्हा पडला तर मात्र सारखा चढवत बसू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

तिसरी गोष्ट हवा. बाहेर जाऊन झडप उघडते का आणि हाताला जोराचा झोत लागतो का ते बघा. यंत्रामागची नळी भिंतीला दाबून चेपलेली असेल तर सरळ करा. पांढऱ्या प्लास्टिकची नळी दिसली तर ती काढून टाका आणि धातूची बसवा. सांधे स्क्रूने जोडू नका, स्क्रूचं टोक आत येतं आणि त्यावर लिंट साठतो. धातूची चिकटपट्टी लावा. नळी जितकी लांब आणि वळणं जितकी जास्त, तितकी हवा मंद. तिथल्या बांधकाम नियमांत नळी साधारणपणे ३५ फुटांपर्यंत चालते आणि काटकोनातल्या प्रत्येक वळणामागे त्यातून पाच फूट वजा करतात.

एवढं करूनही तापत नसेल तरच आत जायचं. प्लग काढायचा, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी तो जमिनीवर पडलेला बघायचा, आणि मगच मागचं झाकण उघडायचं. उघडण्याआधी आणि वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यायचा. साधा मल्टीमीटर घ्यायचा, ज्या भागाची परीक्षा करायची त्याची एक वायर सोडवायची आणि रोध मोजायचा. चांगला फ्यूज जवळजवळ शून्य ओहम दाखवतो. चांगली कॉइल साधारण दहा ओहम दाखवते. तुटलेला भाग काहीच दाखवत नाही. २४० व्होल्टला दहा-अकरा ओहम, म्हणजे किती वॉट, हे गणित बाई इथे कुणालाही उभं करून विचारू शकतात, म्हणून मी सांगत नाही.

आवाजावरूनही बरंच कळतं. चिरकं किंचाळल्यासारखं वाजलं तर बहुधा पट्ट्याची कप्पी कोरडी पडलेली. धप्-धप् वाजलं तर पिंपाखालची चाकं झिजलेली. मोटर घुमते पण पिंप हाताने अगदी सैल फिरतो, तर पट्टा तुटलेला. आणि कपडे ओले असतानाच यंत्र आपोआप थांबत असेल, तर आतल्या दोन धातूच्या पट्ट्या पुसा. ओलावा ओळखणाऱ्या त्या पट्ट्यांवर सुगंधी कागदांचा मेणचट थर बसतो. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट कापसावर घेऊन पुसलं की झालं.

काही कामं मी करत नाही. ड्रायर गॅसवर चालणारा असेल तर गॅसची नळी आणि बर्नर याला मी हात लावत नाही. ते परवानाधारक माणसाचं काम. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता सगळ्यांनी घराबाहेर पडायचं आणि मग फोन करायचा. भिंतीतला सॉकेट काळवंडलेला असेल तर तिथेही मी थांबतो. आपल्याला काय जमत नाही ते माहीत असलं की जे जमतं ते बिनधास्त करता येतं.

शेवटी, जे यंत्र उघडणार नाहीत पण मुलांकडे जाणार आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी. प्रत्येक घाण्याआधी जाळी काढून हाताने साफ करा. महिन्यातून एकदा ती नळाखाली धरा; पाणी वर साचून राहिलं तर तिच्यावर थर बसला आहे, साबणाने ब्रशने घासा आणि पूर्ण वाळवून बसवा. कुणी घरात नसताना किंवा सगळे झोपलेले असताना ड्रायर चालू ठेवू नका. आणि आजीमंडळींसाठी खास: बाळाच्या मालिशची तेलकट फडकी ड्रायरमध्ये टाकू नका. धुतली तरी तेल पूर्ण जात नाही, आणि गरम तेलकट कपड्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. ती न्हाणीघरात दोरीवर वाळवा, आपल्या नेहमीच्या पद्धतीने.

एका फेरीत वाळणाऱ्या कपड्यांना दोन फेऱ्या लागायला लागल्या, तर मुलांना सांगा. "आई, जुनं झालंय ते मशीन," असं ते म्हणतील. तुम्ही बाहेर जाऊन झडप बघा.

चहाच्या सुट्टीत मी मागच्या वर्गात बसणार आहे. पिशवीत मल्टीमीटर, एक चांगला आणि एक उडालेला असे दोन फ्यूज आणले आहेत. ज्यांना मोजून बघायचं असेल त्यांनी यावं. बाई, तुम्ही आधी या.