दवाखान्याच्या दारापर्यंतचा न्याय
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आम्ही नर्सिंगच्या विद्यार्थिनी, कापूस-ज्वारीच्याच घरातल्या लेकी. तातडीच्या विभागात आम्हाला पहिला नियम शिकवतात : जो आधी आला तो आधी नव्हे, जो जास्त अत्यवस्थ तो आधी. मालक असो की सालदार, ज्याचा श्वास अडकला त्याच्याकडे आधी धावायचं.

पण हा न्याय दवाखान्याच्या दाराच्या आत. कोरडवाहू गावचा माणूस त्या दारापर्यंत वेळेत पोचतच नाही, त्याचं काय?

मण्यार घ्या. रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते. फारसं दुखत नाही, सूजही येत नाही. पुढे पोट दुखतं, पापण्या मिटू लागतात, श्वास मंदावतो. सापाच्या लसीच्या १० कुप्या सुरुवातीलाच लागू शकतात. लहान लेकरालाही तेवढ्याच, कारण साप वय बघून विष टाकत नाही. श्वास थांबला तर फुग्यानं श्वास देत राहावं लागतं. ते आम्हाला येतं. पण केंद्रात कुप्या नसतील, रात्री माणूस नसेल, तर आमच्या शिकण्याचा उपयोग काय?

फवारणीचं तेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले.

सर्पदंशानं शेतकरी गेला तर अपघात योजनेतून घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. ते मिळालेच पाहिजेत. पण मेल्यावर २ लाख देणाऱ्या सरकारला जिवंतपणी १० कुप्या का जड व्हाव्यात? त्यांचा खर्च त्या रकमेच्या पासंगालाही पुरत नाही.

हे मागणं म्हणजे भीक नव्हे. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला परत पाठवलं. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेतमजुरांची समिती सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली निकाल लागला : वेळेवर तातडीचा उपचार न देणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. हा हक्क संघटित शेतमजुरांनी मिळवलेला आहे.

तेव्हा पेरणीआधी प्रत्येक गावानं आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तीन प्रश्न विचारावेत. लसीच्या कुप्या किती आणि मुदत कधीपर्यंत? रात्री हजर कोण? १०८ ची गाडी उभी कुठे असते आणि आपल्या गावात यायला किती वेळ लागतो? उत्तरं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, म्हणजे ती सगळ्यांना दिसतील.

आणि घरी एवढं करा. साप चावला तर करकचून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हातपाय न हलवता लगेच निघा. फवारणीत मळमळलं, घाम फुटला, तर कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा आणि औषधाचा डबा सोबत आणा. कोणतं विष ते कळलं तर उपचाराला दिशा मिळते.

दाराच्या आत आम्ही उभ्या आहोत. दारापर्यंतची वाट आपण सगळ्यांनी मिळून मागायची आहे.