संवाद हे नेतृत्वाचे पहिले कर्तव्य
(केज येथील भाषण)

६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरणसह स्वतंत्र कंपन्या अस्तित्वात आल्या. पाटी बदलली, केजच्या खांबावर चढणारा वायरमन मात्र तोच राहिला. समांतर वितरण परवान्याच्या प्रश्नावरून खाजगीकरणाची शंका बळावली आणि ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कर्मचारी संपावर गेले. ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी चर्चेत खाजगीकरण होणार नसल्याची ग्वाही दिली. त्याच दिवशी संप मिटला. हीच ग्वाही आधी मिळती तर संपाची वेळच का यावी? उद्योग हा परिवार आहे, असे दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ साली स्थापन केलेला भारतीय मजदूर संघ मानतो. परिवारातील निर्णय घरच्यांना बाहेरून कळू नयेत. वडीलधाऱ्यांनी ते समोर बसून सांगावेत. परिपत्रकाने आज्ञा पोहोचते. विश्वास संवादानेच निर्माण होतो.