परिचारिकेचा अधिकार आणि डॉक्टरांचा तुटवडा
(वालचंदनगर येथील परिषदेचे अध्यक्षीय भाषण)

बारामती व इंदापूर तालुक्यांतून आलेले डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेविका यांच्या या परिषदेचा विषय प्रशिक्षित डॉक्टर आणि परिचारिका यांचा जगभरचा तुटवडा हा आहे. शिक्षण, स्थलांतर आणि ग्रामीण सेवा अशा तीन अंगांनी या विषयाची पाहणी व्हावी, अशी आयोजकांची अपेक्षा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या अहवालात ५७ देशांत आरोग्यसेवकांची गंभीर टंचाई असल्याचे नोंदवले. श्रीमंत देशांनी गरीब देशांतील मनुष्यबळ कसे आणि कोणत्या मर्यादेत घ्यावे, याची आचारसंहिता २०१० मध्ये स्वीकारली गेली. २०२० च्या परिचर्याविषयक अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ७९ लाख परिचारिका होत्या आणि ५९ लाख कमी पडत होत्या. या तुटीचा सुमारे नऊ-दशांश भाग अल्प व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतला होता. असे असूनही ओघ उलट दिशेने वाहतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. जाणाऱ्या मुलींना दोष देण्याचे कारण नाही. चांगले वेतन आणि मानाची वागणूक जिथे मिळेल तिथे माणूस जाणारच.

शिक्षणाच्या बाजूने पाहता, बारामतीत २०१९ मध्ये शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही या परिसराच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे. परंतु एमबीबीएसचा अभ्यासक्रम आंतरवासितेसह, म्हणजे रुग्णालयातील सक्तीच्या उमेदवारीसह, साडेपाच वर्षांचा असून पुढचे पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचे आहे, आणि एवढ्या वाटचालीनंतर तो पदवीधर निमगाव केतकीला किंवा लासुर्ण्याला दवाखाना थाटेल, याची हमी कोणीच देऊ शकत नाही. इथपर्यंतची चर्चा प्रत्येक परिषदेत होते. तिच्यातून एक प्रश्न मात्र नेहमी निसटतो, आणि तो मांडण्याच्या संधीची प्रस्तुत अध्यक्षाने अनेक वर्षे वाट पाहिलेली असल्यामुळे पाहणीची उरलेली अंगे येथेच सोडून देणे भाग आहे.

तो प्रश्न परिचारिकेच्या अधिकाराचा आहे. तिच्यावर जबाबदारी डॉक्टरइतकी टाकली जाते, पण निर्णयाचा अधिकार तिला वॉर्डबॉयइतकाही दिला जात नाही. जे ती शिकली आहे, जे तिला करता येते आणि जे करण्यास नियमांनीही तिला मुभा दिली आहे, तेसुद्धा कोणाच्या तरी सहीवाचून ती करू शकत नाही. म्हणून लहानसहान गोष्टींसाठी डॉक्टर लागतो आणि डॉक्टर कमी पडतात. तुटवड्याचा मोठा हिस्सा असा आपल्याच हातांनी निर्माण केलेला आहे.

याची मुळे जुनी आहेत. १९४६ मध्ये सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० डॉक्टर आणि केवळ ७,००० च्या आसपास परिचारिका असल्याची नोंद केली; म्हणजे सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, तर ४३,००० लोकांमागे एक परिचारिका. त्या डॉक्टरांपैकी सुमारे ३०,००० जण लायसेन्शिएट, म्हणजे पदवीऐवजी कमी मुदतीचा परवाना-अभ्यासक्रम पूर्ण केलेले होते. समितीने बहुमताने हा वर्ग बंद करून एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर घडवण्याची शिफारस केली. पुण्याच्या १८७८ मधल्या बी. जे. मेडिकल स्कूलचे महाविद्यालयात रूपांतर झाले ते याच १९४६ साली. दर्जा वाढला हे निर्विवाद आहे. पण तालुक्याच्या गावात राहणारा जो वर्ग नाहीसा झाला, त्याचे काम परिचारिकेकडे रीतसर सोपवावे असे कोणाला सुचले नाही. ते काम तिच्याकडे आले खरे, पण ते नाव, अधिकार आणि संरक्षण यांच्याशिवाय.

परिचारिकेच्या निर्णयावर भरवसा ठेवावा का, हा सहकाऱ्यांचा आवडता वाद आहे. प्रस्तुत अध्यक्षाच्या दृष्टीने तो एका ऊस हंगामात निकाली निघाला. बीड जिल्ह्यातून आलेल्या तोडणी टोळीतील एक बाई नीरेकाठच्या फडाजवळ कोपीतच बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना, तेव्हा मुकादमाने तिला ट्रॅक्टरवर घालून उपकेंद्रात आणले. सुमारे पाच हजार लोकवस्तीसाठी असलेल्या त्या उपकेंद्रात रात्री एकटी आरोग्यसेविका होती. तिने गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले, पोटावरून गर्भाशय चोळले, सलाईन लावले आणि मगच बाईला पुढे पाठवले. बाई प्रस्तुत अध्यक्षाच्या हाती आली तेव्हा जिवंत होती, आणि ती जिवंत होती याचे संपूर्ण श्रेय त्या आरोग्यसेविकेचे होते. पुढच्या आठवड्यात तिला शाबासकीचे पत्र नव्हे, तर कोणाच्या आदेशाने इंजेक्शन दिले याचा लेखी खुलासा मागणारी नोटीस मिळाली. प्रसूतीतील आणीबाणीत हे औषध देण्याची मुभा केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी आरोग्यसेविकांना आधीच दिलेली होती; नोटीस काढणाऱ्याने त्या सूचना वाचलेल्या नव्हत्या. त्यानंतर ती आरोग्यसेविका अवघड रुग्ण न तपासताच पुढे पाठवू लागली, आणि त्याबद्दल तिला कोणीही खुलासा मागितला नाही. एक प्रशिक्षित निर्णयक्षम व्यक्ती व्यवस्थेने अशी गमावली. तिचे पद मात्र कागदावर भरलेलेच राहिले.

हा अनुभव एकट्या अध्यक्षाचा म्हणून ज्यांना अपुरा वाटेल, त्यांनी महाराष्ट्रातच पाहावे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बालकांचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यास शिकवले, आणि तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. जे गडचिरोलीच्या अल्पशिक्षित स्त्रीवर सोपवता आले, ते तीन वर्षे परिचर्या शिकलेल्या अधिपरिचारिकेवर सोपवता येत नाही, असे म्हणणाऱ्याने त्याचे कारण सांगितले पाहिजे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातील ३२ व्या कलमाने मध्यम स्तरावरील आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. भोंदूगिरीला राजमान्यता मिळेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण भोंदू डॉक्टर वाढतो तो नेमका तिथे, जिथे शिकलेल्या परिचारिकेचे हात बांधलेले असतात. व्यवसायाचा दर्जा राखण्याची चिंता आणि व्यवसायाची मक्तेदारी राखण्याची चिंता यांतला फरक वैद्यक व्यवसायाने स्वतःशी प्रामाणिकपणे तपासायला हवा.

ही परिषद ज्या गावात भरली आहे, त्याच्याकडूनही शिकण्यासारखे आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखान्याभोवती हे गाव उभे केले, आणि येथील यंत्रशाळेतून पुढे अवकाशयानांच्या प्रक्षेपकांचे भागही तयार झाले. यंत्रावर उभा असलेला जुना टर्नर काम बिघडताना दिसले तर यंत्र स्वतः थांबवतो. इंजिनीयर येईपर्यंत लोखंड वाया जाऊ देत नाही, आणि त्याबद्दल कोणी त्याला जाब विचारत नाही. लोखंडासाठी जे शहाणपण आहे, ते माणसासाठी नसावे, याची खंत वाटते.

पुढील कामे थोडक्यात सांगता येतील. परिचारिकेने स्वतःच्या अधिकारात कोणते उपचार करावेत, याची मराठी यादी प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लागावी. भारतीय परिचर्या परिषदेने शिक्षण-रुग्णालयांसाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका हे प्रमाण सांगितले आहे, त्याचा आग्रह बारामतीपासून धरावा. परिचर्या आणि प्रसूतिसेवा यांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा २०२३ चा कायदा झाला आहे, त्याखालील राज्यपातळीवरील नियमांत अधिकाराचा प्रश्न यावा, असा प्रयत्न व्हावा. तपशील ठरवणे परिषदेने नेमलेल्या समितीकडे सोपवणे योग्य होईल.

ठराव मात्र एकच व्हावा: नियमांच्या चौकटीत राहून रुग्णाचा जीव वाचवणाऱ्या परिचारिकेला खुलासा मागणाऱ्या प्रत्येक नोटिशीविरुद्ध या दोन तालुक्यांतील डॉक्टरांनी तिच्या बाजूने लेखी साक्ष द्यावी. ज्या डॉक्टरांना एवढेही करवत नसेल, त्यांनी यापुढे मनुष्यबळाच्या तुटवड्याची तक्रार करू नये.