उतरलेली गाडी

(पाळणाघरं चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एका शिबिरातलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला सांगितलं होतं की पाळणाघरातल्या खेळण्यांबद्दल बोला. मुलामुलींच्या खेळात भेद कसा शिरतो, खेळणी कशी निवडावीत, वगैरे. त्यावर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वाचलेल्या बायका इथं बसल्या आहेत. मी आपली एका गाडीची गोष्ट सांगते. जीपगाडी. मूल आत बसतं, पायानं बटण दाबतं आणि गाडी चालते, तसली. प्लॅस्टिकची, बॅटरीवरची. आमच्याकडं आली तेव्हा ती चालत नव्हती.

आधी थोडं माझ्याबद्दल. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला एका कारखान्यात मी अठरा वर्षं सोल्डरिंगच्या लाइनवर होते. लाइनवर सगळ्या बायका. बायकांची बोटं बारीक कामाला चांगली, असं साहेब लोक म्हणायचे आणि पगारही बारीकच द्यायचे. त्या अठरा वर्षांत घरी फ्यूज उडाला की आम्ही वायरमनला बोलवायचो आणि तो काम करेपर्यंत मी मेणबत्ती धरून उभी राहायचे. हे तेव्हा मला अजिबात विचित्र वाटलं नाही. आज सांगताना हसू येतं.

आमचं पाळणाघर पुण्यातल्या एका वस्तीत आहे. दोन खोल्या, पुढं थोडी फरशीची जागा, बावीस मुलं. बहुतेकींच्या आया घरकाम करतात, काही जणी कचरा वेचतात. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर हवं असं ठरलं. चांगलंच झालं. पण पाच घरची भांडी घासणाऱ्या बाईचे पन्नास सहकारी कुठून आणायचे? तिचं पाळणाघर आपणच चालवायचं, आणि त्यातली खेळणी लोकांनी दिलेली असायची. तुमच्याकडंही हेच असणार. एक डोळा नसलेली बाहुली, तीन तुकडे हरवलेलं कोडं.

तर आमची एक सभासद ज्या सोसायटीत कामाला जाते तिथलं एक कुटुंब घर बदलत होतं. त्यांनी जीप दिली. रिक्षात मावेना, म्हणून तिनं आणि तिच्या जावेनं हातगाडीवरून आणली. मुलांचा नुसता गलका. मीही खूश. म्हटलं, वस्तू वाया गेली नाही, मुलांनाही मिळाली. अशा वेळी आपण कार्यकर्त्या लगेच एक छोटं भाषण मनात तयार करतो, तसं मीही केलं.

त्यातच एक आजी नातीला न्यायला आल्या. त्यांनी गाडीकडं पाहिलं आणि नातीचं बखोट धरलं. म्हणाल्या, “आमची पोर यात बसायची न्हाई.” मी विचारलं, का हो? तर म्हणाल्या, “माझी आय गावात दारोदार भाकर मागायची. म्या लगीन झाल्यावर दुसरीच्या अंगावरचं लुगडं नेसले. पोरीला मालकिणीच्या पोरीचे फ्राक घातले. आता नातीनं पन उतरलेलंच घ्यायचं? आनि त्यावर त्या पोराचं नाव.”

नाव होतं खरंच. गाडीच्या मागं मोठ्या इंग्रजी अक्षरांत, स्टिकरचं. मला ते दिसलंही नव्हतं.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं की शिळे तुकडे मागून खाणं सोडा, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. आपण हे सभेत सांगतो. आणि मी त्या बाईपुढं ‘पुनर्वापर’ म्हणून कौतुक करत उभी होते. ज्यांना निवड असते त्यांनी जुनं घेतलं की ती साधी राहणी होते. ज्यांना कधी निवडच नव्हती त्यांच्यासाठी ते उतरलेलंच असतं. दोघींच्या हातात वस्तू एकच असते.

बैठकीत यावर चर्चा झाली. गाडी परत द्या, असं दोघी म्हणाल्या. भंगारात घाला, आलेल्या पैशातून चेंडू आणा, असंही कुणी म्हणालं. शेवटी मी म्हटलं, आधी नाव तर काढू. ते काढायला गेलो आणि खरी अडचण पुढं आली. गरम पाण्याचा फडका ठेवला, खोबरेल तेल चोळलं, स्टिकर निघालं, गोंदही गेला. पण उन्हानं भोवतालचा लाल विटला होता आणि अक्षरांखालचा लाल गडदच राहिला होता. आधी नाव नुसतं वर चिकटवलेलं होतं. आता ते गाडीत मुरल्यासारखं दिसायला लागलं. आजी लांबून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, म्हणजे सगळं बोलल्या.

मग मात्र मी हट्टाला पेटले.

गाडी उलटी केली. खाली त्रिकोणात ५ चा आकडा होता, पण त्याआधीच आमच्या एका कचरा वेचणाऱ्या ताईनं नखानं टिचकी मारून जात सांगितली होती. पॉलिप्रॉपिलीन. मोटारींचे बंपर बहुतेक याचेच असतात. घरात वापरतो ते गोंद यावर नीट धरत नाहीत आणि नुसता रंग दिला तर तो पापुद्र्यासारखा निघतो. त्यामुळं रंगाआधी चिरा बघायच्या. चाकाचा कणा बसतो तिथं चीर असती तर मी गाडी सरळ भंगारात दिली असती, त्यात तडजोड नाही. चीर होती बैठकीच्या कडेला आणि एका दाराला.

चीर शिवायची असते, हे मला माहीत होतं. तिच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढं धावत नाही. मग दोन्ही काठांना तापवलेल्या दाभणानं भोकं पाडायची, उघड्यावर बसून, कारण धूर नाकात जाऊ नये, आणि तांब्याची तार ओवून टाके घालायचे. टोकं आत वळवून वरून पट्टी लावायची, मुलांच्या मांडीला टोचता कामा नये. मी दोन टाके घातले असतील, मागून आवाज आला, “असला टाका घालतीस व्हय? ढिला पडंल की.” आजी जन्मभर वाकळा शिवत आल्या आहेत. त्यांनी दाभण माझ्या हातातून घेतला आणि पुढची चीर शिवून टाकली. असा एकसारखा टाका मी कारखान्यातही पाहिला नव्हता.

बॅटरीचं काम माझं. सहा व्होल्टची शिसं आणि आम्लाची बंद बॅटरी, फुगून पोट वर आलेली. तसली बॅटरी कुणीही फोडू नका, कितीही उत्सुकता वाटली तरी. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्यायची. सहा व्होल्टचा झटका बसत नाही, पण दोन तारा चुकून एकमेकींना चिकटल्या तर त्या इतक्या तापतात की प्लॅस्टिक वितळेल. म्हणून बॅटरीजवळचा फ्यूज महत्त्वाचा. आमच्या गाडीत कुणीतरी फ्यूज काढून तिथं नुसती तार पिळून ठेवली होती! मी नवा बसवला. मागच्या दोन मोटारींपैकी एकीची तार तुटली होती, तिला डाग दिला. चाक फिरलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. अठरा वर्षांत माझ्या कामाला टाळ्या पडल्याचं आठवत नाही.

डाग देऊन झाल्यावर मी साबणानं हात धुतले आणि धुता धुता थांबले. लाइनवर आम्ही कथील-शिशाची तार वापरायचो आणि घंटा झाली की त्याच हातांनी डबा खायचो. शिसं पोटात जातं, हात धुवा, एवढं एक वाक्य तिथं कुणी आम्हांला सांगितलं नाही. माझ्या दोन मैत्रिणी पोटुशी असताना त्या लाइनवर होत्या. हे आज सांगायचं ठरवलं नव्हतं.

रंगाचंही तेच आहे, म्हणून सांगते. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडं घरगुती रंगांत शिशाला मर्यादा आली, दहा लाख भागांत ९० भाग. त्याआधीच्या रंगांत ते कितीतरी जास्त असायचं, विशेषतः पिवळ्या आणि लाल-केशरी छटांत. माळ्यावर पडलेला जुना डबा खेळण्याला लावू नका. मुलं गाडी चाटतात, हात तोंडात घालतात, आणि मेंदूला शिसं इतकं चालतं असं कुठलंही सुरक्षित प्रमाण नाही. एका घरून जुना अर्धा डबा फुकट मिळत होता. आजींनीच तो नको म्हटलं, अर्थात त्यांच्या कारणासाठी.

नवा डबा आणला, शिशाबद्दलचा मजकूर वाचून. बंपरला मारतात तो पारदर्शक प्लॅस्टिक प्रायमर गल्लीतल्या डेंटरकडून घेतला. तिघींनी तीन रविवार ती गाडी ओल्या पॉलिश पेपरनं घासली. ओल्या, म्हणजे धूळ उडत नाही. अक्षरं फिकी होत होत गेली. सगळ्यांत शेवटी नावाचं पहिलं अक्षर गेलं.

आता रंग कुठला? मुलगे म्हणाले, पोलीस. दोन मुली म्हणाल्या, गुलाबी, आणि आमच्या एका तरुण कार्यकर्तीचा चेहरा पडला. मला विचाराल तर गुलाबी रंगानं आजवर कुणाचं तेवढं नुकसान केलेलं नाही. खरा प्रश्न दुसराच होता. जीपमध्ये जागा एकालाच. पहिल्याच दिवशी मोठा मुलगा बसला आणि बॅटरी नसल्यामुळं चार मुली ढकलत होत्या. कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणीच नाही. आजींची नात कडेला उभी होती. ती म्हणाली, “एस.टी. करा. एस.टी.त कंडक्टर असतो, रांग असते.”

पाच वर्षांची पोर. आम्ही मुलांच्या खेळावर केवढी टिपणं काढली असतील, आमच्या एकीलाही हे सुचलं नव्हतं.

म्हणून गाडी लाल झाली. रंग पुरता वाळेपर्यंत आठवडाभर मुलांना हात लावू दिला नाही, ते सगळ्यांत अवघड काम. बैठकीला आजींनी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून घातली. त्यांनी स्वतः नेसलेली लुगडी होती ती. मी मुद्दाम विचारलं, चालेल ना? म्हणाल्या, “हे माझं हाय. माझ्या नातीला माझं चालतं.” मागं नावाच्या जागी पाटी लावली, पाळणाघर ते बाजार, व्हाया शाळा.

ड्रायव्हर रोज बदलतो, यादी भिंतीवर आहे. कंडक्टर होण्यासाठी मात्र भांडणं होतात, कारण डबा आणि तिकिटं त्याच्याकडं. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, ते मुलींना पक्कं माहीत आहे. त्या मुलग्यांकडून दोन चिंचोके घेतात, मुलींकडून एक. मुलग्यांनी तक्रार आणली. मी म्हटलं, सरकारकडं जा.

एक गोष्ट राहिली. ज्यांनी गाडी दिली त्या बाईंचा निरोप आला, मुलांचा गाडीसोबत फोटो पाठवा. बाई चांगल्या आहेत, मनापासून मागितला असणार. बैठकीत पुन्हा दोन मतं. जिच्या हातून गाडी आली तिची नोकरी त्याच सोसायटीत आहे, तिला नाही म्हणणं जड. आजींनी सुचवलं, फोटो पाठवा, पण पोरांचा नको, गाडीचा मागून काढा, पाटीसकट. तसा पाठवला. उत्तर आलं, “ही आमचीच का?”

आमच्या सभासदानं काय उत्तर द्यावं हे मला विचारलं. मी म्हटलं, ते तुम्ही आणि आजी ठरवा. जुन्या बॅटरीचे दुकानदारानं दिलेले पैसे कंडक्टरच्या डब्यात आहेत. चाकाला नवीन टोप्या घ्यायच्या आहेत.