ठोका ठरवण्याआधी माती बघा

ताईंनो, गट मिळून हळदीला ठोक्यानं रान घेताय ना? नुसता काळा रंग बघून पैसे मोजू नका. सातबारा क्षेत्र सांगतो, मातीचा कस नाही.

मोठ्या पावसानंतर रानात जा. पाणी साचत असेल तर हळदीचे कंद सडतील.

मग आठ-दहा जागी वीतभर खोल माती घ्या. बांध, झाडाखालची, उकिरड्याची जागा सोडा. सगळी मिसळून अर्धा किलो तपासायला द्या. कुठे द्यायची, ते सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला किंवा तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांहून कमी निघाला, तर शेणखताचा खर्च आधीच धरा आणि ठोका कमी करून मागा. करार लेखी, तीन वर्षांचा करा. नाहीतर खत आपलं अन् पीक दुसऱ्याचं!