लेण्यातला हिशेब आणि आपली पाटी
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त दिलेले व्याख्यान)



गणिताच्या इतिहासावर बोलायचं ठरलं, तेव्हा महिला मंडळातल्या एका ताईंनी मला विचारलं, "सर, विहारात गणित कशाला?" ताई, या प्रश्नाचं उत्तर नाशिकच्या डोंगरात कोरून ठेवलेलं आहे.

आपल्यापैकी पुष्कळांनी त्रिरश्मी लेणी पाहिली असतील. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण ती भिक्खूंची लेणी आहेत. तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. तो सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. वैशाख महिन्यात त्याने हे लेणं भिक्खुसंघाला दान दिलं आणि सोबत ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, 'अक्षयनीवी' म्हणून ठेवली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आपल्या बँकेतल्या कायम ठेवीसारखंच.

ही रक्कम ठेवली कुठे? गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन संघांकडे. एका संघाकडे २०००, व्याज दरमहा शेकडा एक. दुसऱ्याकडे १०००, व्याज दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे, असं लेखात स्पष्ट लिहिलं आहे.

मुलांनो, आता हा हिशेब तपासा. शेकडा एक, म्हणजे २००० वर महिन्याला २०. बारा महिन्यांचे २४०. आणि २० भिक्खू गुणिले १२, तेही २४०! एका नाण्याचाही फरक नाही. आणि गंमत अशी की लेखात पाऊण टक्क्यासाठी 'पायून' हा शब्द आहे. आपली आजी 'पाऊण शेर' म्हणायची, तोच हा पाऊण!

लेखाच्या शेवटी म्हटलं आहे की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं. दान राजाच्या जावयाचं, पण हिशेब चारचौघांत जाहीर.

आता दुसरा हिशेब सांगतो. माझ्या आजोबांनी बहिणीच्या लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले. वहीवर अंगठा उठवला. वही सावकाराकडे, लिहिणारा सावकार, वाचणाराही सावकार. पंधरा वर्षं ते त्याच्या शेतात राबले, पण मुद्दल किती फिटलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आजोबा अडाणी होते, बुद्धीने कमी नव्हते. त्यांना पाटीच मिळाली नव्हती.

गणित घडवलं कोणी, असं विचारलं की आपण चार मोठी नावं घेतो. ती घ्यायलाच हवीत. पण गोवर्धनचे ते विणकरही त्यात धरा. लेखात त्यांची नावं नाहीत, पण व्याज मोजून दरवर्षी चुकतं करायचं काम त्यांच्याकडेच होतं.

त्या शिलालेखात आकडेही आहेत, पण शून्य नाही. हजाराची एक वेगळी खूण, तिला जादा रेघा जोडल्या की दोन हजार, तीन हजार. दहाची खूण वेगळी, शंभराची वेगळी. नोंद ठेवायला हे ठीक, पण पाटीवर गुणाकार मांडायला अवघड. पुढे नऊ आकडे आणि शून्य एवढ्यांतच कितीही मोठी संख्या लिहायची रीत आली. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम लिहिले. ग्वाल्हेरच्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासकट दिसतात. नववे शतक उजाडले आणि बगदादमध्ये अल ख्वारिझ्मी याने या भारतीय रीतीवर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावावरूनच 'अल्गोरिदम' हा शब्द आला. इटलीतल्या पिसा शहरचा लिओनार्दो, म्हणजे फिबोनाची, हे आकडे उत्तर आफ्रिकेत शिकला आणि १२०२ साली त्याने ते पुस्तकातून युरोपला शिकवले. तरी १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने वहीत हे आकडे लिहायला बंदी घातली! पण हिशेब सोपा करणारी रीत बंदीने थांबली नाही.

बाबासाहेबांनी हे शस्त्र ओळखलं होतं. १९२३ साली लंडनमध्ये त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. केन्ससारख्या नामवंत अर्थतज्ज्ञाचं मतही त्यांनी तपासून घेतलं आणि पटलं नाही तिथे विरोध केला. आकडे कळत होते म्हणून ते 'हे चूक आहे' असं ठामपणे म्हणू शकले.

आज सावकाराने कपडे बदलले आहेत. "दहा हजार घ्या, महिन्याला फक्त हजार, वर्षात मोकळे!" आपण म्हणतो, दोन हजार जास्त, म्हणजे शेकडा वीस. पण थांबा. दर महिन्याला आपण मुद्दलही फेडत असतो. पूर्ण दहा हजार आपल्याकडे फक्त पहिल्या महिन्यातच असतात. नीट हिशेब केला तर खरा दर वर्षाला शेकडा पस्तीसच्या घरात जातो. हे सहीच्या आधी कळलं पाहिजे.

वंदनेत आपण रोज 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा. गणितात तेच करायचं असतं. गुरुजी म्हणतात म्हणून २४० नाही, तुम्ही गुणून पाहिलंत म्हणून २४०.

म्हणून आई-वडिलांना माझी विनंती आहे. "आपल्या पोरीला गणित झेपत नाही" हे वाक्य घरात उच्चारू नका. रविवारी सकाळी वंदनेनंतर एक तास मुलांना इथेच गणित शिकवायला मी तयार आहे. फळा आणि खडू विहाराने द्यावा. आणि विहाराचा जमाखर्चही दरमहा त्याच फळ्यावर लिहावा. पहिला तपास मुलांनीच करावा.

नमो बुद्धाय! जय भीम!