धुऱ्यावरची वाट

आज कवितेबद्दल बोलणार नाही. संगणकाच्या पोटातल्या एका वाटेबद्दल बोलणार आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. यातलं जे काही कळलं ते पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या मुलामुळे, आणि त्याहून जास्त शेतामुळे. म्हणून आधी शेताचं सांगतो.

मेहकर तालुक्यात आमचं चार एकर रान आहे. एका सुगीत आभाळ भरून आलं, तेव्हा अब्बा शेजाऱ्याला म्हणाले, "ने गाडी आमच्या धुऱ्यावरून." ना कागद, ना पैसा. पुढच्या वर्षीही गाडी आली. अब्बा गेले, गाडी येतच राहिली. मी तिथं विहीर खणायला काढली, तेव्हा शेजारी म्हणाला, ही आमची वहिवाट आहे. प्रकरण तहसीलदारांपुढे गेलं. मामलेदार न्यायालयाचा १९०६ चा कायदा अशा वादात अजून चालतो. वाट वापरात होती का, एवढंच विचारलं गेलं. होती. विहीर दुसरीकडे खणली. तिथं पाणी कमी लागलं.

हे ऐकून मुलगा म्हणाला, "लिनक्सच्या कर्नलमध्ये हेच भांडण आहे."

कर्नल म्हणजे लष्करातला नव्हे. बदाम फोडल्यावर निघतो तो गर. संगणकाची मेमरी कोणाला किती, डिस्क कोणी कधी वापरायची, हे हा गर ठरवतो. बाकीचे प्रोग्रॅम बाहेर. आत कोणाला प्रवेश नाही. पण यंत्र मंदावलं तर काम आत कुठं अडलं, हे चालत्या यंत्रात डोकावून पाहावं लागतं. त्यासाठी मागोवा घेणारी साधनं असतात.

डोकावण्याच्या दोन तऱ्हा. एक, हवं तिथं भोक पाडायचं. २००४ साली लिनक्समध्ये आलेलं केप्रोब्ज हे या जातीचं. त्याच्या घडणीत आयबीएममधल्या भारतीय अभियंत्यांचा मोठा वाटा होता. इथं वचन काही नाही, आज भोक पाडलं तिथं उद्या भिंतच नसेल. दुसरी तऱ्हा, कर्नल लिहिणाऱ्यांनीच जागोजाग खिडक्या ठेवायच्या. स्टीव्हन रोस्टेड यांचं एफट्रेस २००८ मध्ये आलं. त्यात आतली हकीकत साध्या फायलींतून मिळते. फाइल उघडा, वाचा. मला हे फार आवडलं.

पण खिडकी ठेवली की ती कायमची का? लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक असा, की लोकांचा चालता प्रोग्रॅम कर्नलच्या बदलाने मोडता कामा नये. लॅपटॉपची बॅटरी कोण खातं ते दाखवणारं पॉवरटॉप नावाचं साधन होतं. खिडकीतून येणाऱ्या प्रत्येक नोंदीत एका जुन्या कुलपाची माहिती असे. २०११ मध्ये ते कुलूप कर्नलमधून गेलं, म्हणून नोंदीतली त्याची चार बाइटची जागाही काढली. पॉवरटॉप मोडलं! कुठली माहिती कितव्या जागी, हे त्याने पाठ करून ठेवलं होतं. शेवटी ती चार बाइट रिकामी, नुसती भरताड म्हणून परत घातली. कुलूप नाही, पण कुलपाची जागा आहे.

म्हणून कर्नलचे काही विभाग सांभाळणारे खिडकी द्यायलाच नको म्हणतात. एकदा दिली की वहिवाट! विहिरीमुळे मला त्यांचा राग येत नाही. पण त्यांचं ऐकलं तर अडलेल्याने करायचं काय? तो भोकच पाडणार.

खरं तर तोड आधीपासून होती. प्रत्येक खिडकीजवळ एक फाइल असते, त्यात कोणती माहिती कितव्या जागी, किती रुंद, हे लिहिलेलं असतं. साधनाने ती दर वेळी वाचायची. सातबारा ताजा काढावा तसं. चुलत्याने सांगितलेल्या खुणांवर जमीन विकत घेतो का कोणी? खिडकी द्यावी, पण जागा बदलण्याची मोकळीक राखून द्यावी, असं मला वाटतं. अब्बांनी "यंदापुरती" एवढा एक शब्द घातला असता तर!

पॉवरटॉपच्या पुढच्या आवृत्तीने ते वर्णन वाचायला सुरुवात केली. काही वर्षांनी ती चार बाइटची रिकामी जागा काढून टाकली, कोणाचं काही मोडलं नाही.

आमच्या शेजाऱ्याने बैल विकले. त्याचा ट्रॅक्टर आता पांदणीने जातो. धुऱ्यावरच्या त्या पट्ट्यात गवत माजलंय, आणि मी अजून तिथं वखर घातलेला नाही.